जुनी मोटार : वयाचा हिशेब आणि दोषाचा शोध

दिल्लीच्या रस्त्यांवरील जुन्या मोटारींचा प्रश्न २०१४ पासून अनेकदा निकालात निघाला आणि तितक्याच वेळा नव्याने उभा राहिला. २६ नोव्हेंबर २०१४ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पंधरा वर्षांवरील वाहनांना राजधानीत मज्जाव केला. ७ एप्रिल २०१५ रोजी डिझेलच्या वाहनांसाठी ही मुदत दहा वर्षांवर आणण्यात आली आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या बंदीवर शिक्कामोर्तब केले. त्यानंतरही बंदी बव्हंशी कागदावर आणि मोटारी रस्त्यावर, हीच स्थिती राहिली. अखेर १ जुलै २०२५ पासून अशा वाहनांना पंपावर इंधनच द्यायचे नाही, असा जालीम उपाय योजला गेला. नंबरपट्टी वाचणारे कॅमेरे बसले, पोलीस उभे राहिले, आणि आठवडाभरातच हुकूम पुढे ढकलण्याची पाळी आली. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. १७ डिसेंबर २०२५ रोजी हे संरक्षण भारत स्टेज चार व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरतेच मर्यादित केले.

एवढ्या हुकमांच्या आणि फेरहुकमांच्या गर्दीत एक साधा प्रश्न मात्र कोठेच विचारला गेलेला दिसत नाही. पंपावर उभ्या असलेल्या या विशिष्ट मोटारीत नेमका बिघाड काय आहे, हा तो प्रश्न. तो न विचारण्याचे कारण उघड आहे. मोटारीचे वय नोंदणीपुस्तकात लिहिलेले असते आणि कॅमेऱ्याला ते क्षणार्धात कळते. दोष मात्र बॉनेट उघडल्याशिवाय कळत नाही आणि उघडल्यावरही तो ओळखणारा माणूस जवळ असावा लागतो. वयाचा नियम हा शासनाला सोयीचा वाटतो तो यामुळे. वस्तुतः तपासणीची यंत्रणा आपल्याला उभी करता आली नाही, याची ती एक प्रकारची कबुलीच आहे.

अर्थात वयाच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही असे नव्हे. दिल्लीतील हिवाळ्याची हवा ज्यांच्या फुप्फुसांत जाते त्यांना मोटारमालकांच्या भावनांचे कौतुक सांगण्यात अर्थ नाही. निष्णात मिस्त्रीही जुन्या मोटारीला फार तर ती कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसाच्या स्थितीला नेऊन ठेवू शकतो, त्यापलीकडे नाही. जुन्या पेट्रोल मोटारींच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत चालते, तर भारत स्टेज चारच्या मोटारींना ०.३ टक्क्यांची मर्यादा आहे. हे दहापटीचे अंतर पाना-पक्कडीने भरून निघणारे नाही. म्हणूनच डिसेंबरच्या आदेशाने जन्मवर्षाऐवजी मानकाची रेषा आखली, ती पूर्वीच्या नियमापेक्षा शहाणपणाची म्हणावी लागेल. परंतु मोटार कशी बनवली गेली होती, एवढेच ही रेषा सांगते. ती आज कशी चालते आहे, हे सांगत नाही. एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून भंगारात विकलेली २०१२ सालची मोटार या रेषेच्या अलीकडे सुरक्षित राहते. २००८ सालची, वेळच्या वेळी दुरुस्त केलेली मोटार मात्र पलीकडे पडते.

मोटारीचे निदान ही काही गूढ विद्या नाही. जुन्या गॅरेजमधील मिस्त्री मोटारीला हात लावण्यापूर्वी तिचा धूर पाहत असे, आणि धुराच्या रंगावरून निम्मा निकाल लागत असे. धूर काळा असेल तर पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जाते आहे, हे निश्चित. एअर फिल्टर धुळीने बुजलेला असेल, चोक अडकलेला असेल, किंवा कार्बुरेटरमधील फ्लोटची सुई झिजून पेट्रोल वाहत असेल. तिन्ही कारणे किरकोळ खर्चात दूर होण्यासारखी आहेत. पांढरा धूर थंडीच्या सकाळी पाच मिनिटे निघाला तर ती निव्वळ वाफ असते. पण इंजिन तापल्यावरही तो थांबत नसेल, रेडिएटरमधील पाणी रोज कमी होत असेल आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसत असेल, तर हेड गॅस्केट गेले असे समजावे आणि मोटार तेथेच उभी करावी.

निळ्या धुराचे प्रकरण अधिक उद्बोधक आहे, कारण येथेच सर्वांत जास्त मालक नाडले जातात. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, एवढे सर्वांनाच ठाऊक असते आणि त्यावर ‘इंजिनाचे काम काढावे लागेल’ हा निकाल तत्काळ दिला जातो. वास्तविक ऑइल दोन वाटांनी आत शिरू शकते. रात्रभर उभ्या राहिलेल्या मोटारीने सकाळी सुरू होताना निळ्या धुराचा एक लोट सोडला आणि मग ती शांत झाली, किंवा घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढून पुन्हा दाबताच मागे निळे ढग दिसले, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर घ्यावयाचा. चढणीवर, भार असताना धूर सतत येत असेल तर संशय पिस्टनच्या रिंगांवर. खात्री करून घेण्याची रीतही साधी आहे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजायचे. ज्याचे कमी भरेल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर गळती व्हॉल्व्हकडून किंवा गॅस्केटकडून आहे. या परीक्षेला अर्धा तास आणि एक मीटर लागतो. सील बदलणे आणि इंजिन उघडणे यांच्या खर्चातील तफावत पाहता हा अर्धा तास प्रत्येक गॅरेजमध्ये अनिवार्य असावयास हवा होता. तसे घडत नाही, आणि मग एखादा निवृत्त शिक्षक किंवा छोटा दुकानदार इंजिनाच्या खर्चाचा आकडा ऐकून मोटार मोडीत काढतो, किंवा तशीच धुरासह चालवत राहतो.

निदान चुकले की दुरुस्तीच रोग बनते, याचे उत्तम उदाहरण थर्मोस्टॅटचे आहे. इंजिनातील पाणी सुमारे ऐंशी अंशांपर्यंत तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही लहानशी झडप. ‘आपल्या उष्ण देशात हिची गरजच काय’ असे म्हणून असंख्य मोटारींमधून ती काढून टाकली गेली. मोटार तापते ही तक्रार; रेडिएटर खाऱ्या पाण्याच्या क्षाराने बुजला आहे किंवा पंखा नीट फिरत नाही हे खरे कारण; आणि उपाय म्हणून थर्मोस्टॅट बाहेर! त्यानंतर ते इंजिन योग्य तापमानाला लवकर पोहोचतच नाही. इंजेक्शनच्या मोटारीत तर इंजिन अजून थंडच आहे अशी संगणकाची समजूत होते आणि तो पेट्रोल वाढवून देत राहतो. मायलेज घटते, प्लग काळे पडतात, ऑइल लवकर बिघडते, धुरातील विष वाढते. मालक म्हणतो, गाडी जुनी झाली. ती जुनी झालेली नसते.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी या विद्येची एक प्रदीर्घ शाळाच चालवली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली १०८९ सीसीची पद्मिनी हे यंत्र म्हणून काही फार प्रगत नव्हते. मे महिन्यात घाट चढताना इंजिनावरच बसवलेला पेट्रोल पंप तापून पेट्रोलची वाफ होई आणि टॅक्सी अडून बसे. मग चालक शांतपणे उतरून पंपावर ओले फडके टाकीत असे. प्रवाशांना ती युक्ती वाटे. जाणकार मिस्त्री मात्र फडके पुन:पुन्हा लागते आहे याचाच अर्थ लावी. पंपाचा पडदा अशक्त झाला आहे, की पेट्रोलची नळी एक्झॉस्टजवळ सरकली आहे, की रेडिएटरच अर्धा बंद आहे, याचा तो शोध घेई. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत मुंबईच्या टॅक्सी मोठ्या संख्येने सी.एन.जी.वर गेल्या, त्यांत पद्मिनीही होत्या. मूळ आराखडा अर्ध्या शतकाचा आणि इंधन नव्या काळाचे, असा तो संसार कितीतरी वर्षे चालला. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात झाली होती. मुंबईतील टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. तिच्या निवृत्तीबद्दल हळहळ पुष्कळ व्यक्त झाली. तिला चालती ठेवणाऱ्या गल्लीबोळांतील कारागिरांच्या ज्ञानाचे काय झाले, याची विचारपूस त्या मानाने थोडीच झाली.

तपासणीची यंत्रणा मुळीच नाही, असे शासन म्हणणार नाही. पी.यू.सी. आहे. परंतु दिल्लीतील वाहनजन्य प्रदूषणावरील महालेखापरीक्षकांचा जो अहवाल १ एप्रिल २०२५ रोजी तेथील विधानसभेत मांडला गेला, त्याने या प्रमाणपत्राची रया पूर्णपणे घालवली आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वा हायड्रोकार्बन मर्यादेबाहेर असतानाही १ लाख ८ हजारांहून अधिक वाहनांना प्रमाणपत्रे दिली गेल्याचे त्यात आढळले. एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून अधिक वाहने तपासल्याची ७,६४३ प्रकरणे निघाली. बरे, चाचणी प्रामाणिकपणे झाली तरी ती किती सांगते? पेट्रोलची मोटार जागेवर उभी, इंजिन मंद, नळी एक्झॉस्टमध्ये. कार्बुरेटरच्या मोटारी ज्या काळी बहुसंख्य होत्या त्या काळापासून चालत आलेली एक पद्धत सर्वश्रुत आहे. चाचणीत मोटार नापास झाली की मिक्स्चरचा स्क्रू अर्धा फेरा आवळायचा, कागद घ्यायचा आणि बाहेर पडल्यावर इंजिन बंद पडू लागते म्हणून स्क्रू पुन्हा पूर्ववत करायचा. असे प्रमाणपत्र मोटारीला मिळत नाही, त्या स्क्रूला मिळते.

आणि धूर हा मोटारीचा एकच दोष. ब्रेकच्या सिलिंडरमधील रबर कडक होऊन ऑइल झिरपू लागते तेव्हा मोटार ब्रेक लावताच एका बाजूला ओढते. स्टिअरिंगचे बॉल जॉइंट सैल होतात. कोकणच्या खाऱ्या दमट हवेत पत्रा वरून रंगीत आणि खालून पोखरलेला असतो. ही माणसे मारणारी दुखणी आहेत, पी.यू.सी.चा त्यांच्याशी संबंध नाही. भारतात खासगी मोटारीला नोंदणीनंतर पंधरा वर्षे कोणत्याही सक्तीच्या यांत्रिक तपासणीला तोंड द्यावे लागत नाही. ब्रिटनने अशी तपासणी १९६० सालीच सुरू केली, आणि तेथे मोटार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिचे ब्रेक, स्टिअरिंग, सांगाडा आणि धूर पाहिला जातो. सातव्या वर्षी सापडलेला दोष सातव्या वर्षीच दुरुस्त होतो, हा त्यातील साधा व्यवहार. आपल्याकडे पंधरा वर्षे डोळे मिटून घ्यायचे आणि सोळाव्या वर्षी मोटारीकडे एकदम गुन्हेगार म्हणून पाहायचे, असा रिवाज पडला आहे. या काळात वाढत गेले ते शुल्क. मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० रुपये. महाराष्ट्रात पर्यावरण कर निराळा. पैसा भरला की दोष नाहीसा होतो, अशी समजूत करून घ्यायला हरकत नसेल तर गोष्ट वेगळी.

गंमत अशी की २०२१ साली केंद्राने जे नियम केले त्यांनुसार मोटार पन्नास वर्षांची झाली, तिचे मूळ स्वरूप कायम राहिले आणि तिचा रोजचा वापर होत नसला, की ती ‘विंटेज’ म्हणून सन्मानाने नोंदवता येते.

दरम्यान इंधनही बदलले आहे, आणि या बदलाशी महाराष्ट्राचा संबंध निकटचा आहे. उसाच्या मळीपासून व रसापासून निघणाऱ्या इथेनॉलने येथील साखर कारखान्यांना नवे उत्पन्न दिले, परकीय चलन वाचवले, हे निर्विवाद. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. पण एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुसंख्य मोटारी त्या मिश्रणासाठी बांधलेल्या नव्हत्या. अशा चारचाकींच्या मायलेजमध्ये सुमारे सहा ते सात टक्के घट होईल, हा अंदाज नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालातच होता. मिश्रणाशिवायच्या पेट्रोलचा पर्याय मिळावा ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, तेव्हा कायद्याच्या बाजूने हा प्रश्न तूर्त मिटला आहे. गॅरेजच्या बाजूने तो नुकताच सुरू झाला आहे.

इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते किंवा ठिसूळ करते, टाकीतील साचलेला गाळ सोडवते आणि हवेतील पाणी ओढून घेते. त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या जुन्या मोटारीत टाकीचा तळ गंजतो, गाळ फिल्टरमध्ये येऊन अडकतो, नळ्यांना तडे जाऊन पेट्रोलचा वास येऊ लागतो आणि मोटार थंडीत सुरू होताना अडखळते. यातील प्रत्येक लक्षण प्लग, कॉइल वा पंपाच्या दोषासारखे भासते. मिस्त्री प्लग बदलतो, मग कॉइल, मग पंप. बिल वाढत जाते आणि फिल्टर तसाच राहतो. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मधील खुलाशात, काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागतील आणि तो खर्च फारसा नाही, असे म्हटले. ते खरेच आहे. पण कोणत्या मोटारीतील कोणते भाग, कोणत्या क्रमाने, हे सांगणारे पत्रक गल्लीतील गॅरेजपर्यंत कोणी पोहोचवायचे? शिसेविरहित पेट्रोल आले तेव्हाही हेच घडले होते. १९९५ पासून चार महानगरांत आणि २००० सालापासून देशभर शिसे गेले, हे मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने उत्तमच झाले. पण शिशाच्या आधाराने टिकणाऱ्या जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट झिजू लागल्या, आणि टॅपेटचे अंतर का कमी होते आहे याचे कोडे मिस्त्रींनी आपले आपणच सोडवले.

ते कोडे त्यांना सुटले, कारण ते इंजिन हाताने चाचपता येत होते. पुढच्या पिढीतील जुन्या मोटारींची गोष्ट तशी नाही. भारत स्टेज चारचे मानक १ एप्रिल २०१० रोजी दिल्लीसह ज्या तेरा शहरांत लागू झाले त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूरही होते. तेथील पहिल्या मोटारींना २०२५ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाली. न्यायालयाने ज्यांना संरक्षण दिले त्या याच मोटारी. त्यांचे दोष कानाला ऐकू येत नाहीत. ते संगणकात सांकेतिक अंकांत नोंदले जातात आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा एक पिवळा दिवा लागतो. अंक तरी सर्व सांगतो असे नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या नावाने आलेला संकेत पुष्कळदा इनटेकच्या फाटलेल्या नळीतून शिरणाऱ्या हवेचा असतो. सेन्सर बदलून दिवा विझतो आणि आठ दिवसांनी पुन्हा लागतो. कन्व्हर्टर निकामी झाल्याचा संकेत आला तर तो आधी मिसिंग मारणाऱ्या सिलिंडरने जाळला आहे का, हे पाहावे लागते. नाही तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जातो.

ही विद्या शिकता येते, पण तिची साधने खुली हवीत. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला तो याच कारणासाठी. सुटे भाग, निदानाची उपकरणे आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना मिळू दिली जात नाही, हा आयोगाचा निष्कर्ष होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, त्याच वर्षाअखेर एक पोर्टलही सुरू केले आणि त्यात मोटारींचा समावेश केला. परंतु पोर्टलवर कंपनीचा दूरध्वनी क्रमांक मिळणे आणि गॅरेजमध्ये संकेतांचा अर्थ मिळणे यांत बरेच अंतर आहे. ते मिटेपर्यंत रस्त्याकडेच्या मिस्त्रीला उपलब्ध असलेला स्वस्त उपाय म्हणजे पिवळ्या दिव्याचा बल्बच काढून ठेवणे, आणि तो सर्रास केला जातो. बल्ब काढला तरी संगणकातील नोंद तशीच राहते. कोणता सिलिंडर नीट पेटत नाही आणि कन्व्हर्टर काम करतो की नाही, हे मोटारीने स्वतःच लिहून ठेवलेले असते. पी.यू.सी. केंद्रावर तपासनीस नळी एक्झॉस्टमध्ये घालतो. ती नोंद वाचण्याचे सॉकेट पुढे, स्टिअरिंगच्या खाली असते.